पास, रीवर्क, स्क्रॅप

कॉव्हेंट्रीत मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेऊन राहत होते, ते गृहस्थ जगातल्या सगळ्या गोष्टींचे तीन भाग करत. पास, रीवर्क आणि स्क्रॅप. एका मोटार कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर त्यांना चौथ्या भागाची गरज कधी भासली नव्हती. वस्तू मापात असली तर पास. थोडं घासून मापात येण्यासारखी असली तर रीवर्क. नाहीतर स्क्रॅप. काकूंची आमटी बहुधा पास होत असे. माझ्या पोळ्या पहिलं वर्षभर रीवर्कमध्ये होत्या. मी तिथे होते त्या काळात देशाचे पंतप्रधान बऱ्यापैकी वेगाने बदलले. त्यांतला एकही पहिल्या भागात गेला नाही. स्वतःचं गिटारवादन काकांनी मी येण्याच्या आधीच कधीतरी तिसऱ्या भागात टाकलं होतं आणि त्या निकालावर अपील नव्हतं.

मी तेव्हा तिथल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार होते. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी पगार, व्हिसा, खाणंपिणं यांपैकी काहीच विचारलं नाही.

"गाणं चालू असताना बोलतेस का?"

"कुठलं गाणं?"

"कुठलंही."

"नाही बहुतेक."

"बघू," म्हणाले, आणि मला सोफ्यावर बसवून त्यांनी एक रेकॉर्ड लावली. चार मिनिटं ते रेकॉर्डकडे नाही, माझ्याकडे बघत होते. रेकॉर्ड संपल्यावर किल्ली दिली. माझ्या आधीचा भाडेकरू पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला होता. त्यानेही ही परीक्षा दिली होती. पण तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी, ऐन वादनाच्या मध्ये तो म्हणाला, "काका, मस्त आहे, लिंक फॉरवर्ड करा ना." काकांनी रेकॉर्ड उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली, एवढंच. महिनाअखेर त्याने दुसरी खोली शोधली.

रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा घरात स्टील गिटार ऐकली जाई. या वेळात केटल लावायची नाही, टॉयलेटचा फ्लश करायचा नाही, दारावर बेल वाजली तर ती वाजलीच नाही असं समजायचं. काकूंनी हे सगळं फार वर्षांपूर्वी मान्य केलेलं होतं. त्या स्वयंपाकघरात हेडफोन लावून मराठी मालिका बघत आणि मधूनच एक कान मोकळा करून अंदाज घेत. "त्या बाईचं रडणं संपलं की चहा टाकते," असं मला हळूच सांगत. गिटारच्या आवाजाला त्या सुरुवातीपासून 'ती बाई' म्हणत. काकांना हे नाव माहीत होतं आणि पसंतही होतं.

हे वाद्य गिटारसारखं दिसत नाही. चार पायांवर उभ्या केलेल्या अरुंद टेबलासारखं असतं. वर दहा तारा, खाली पेडल. वाजवणारा त्याच्यापुढे स्टुलावर बसतो, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि पायाने त्यांचा ताण बदलतो. त्यामुळे सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही. वाटेतली प्रत्येक जागा दाखवत जातो. "अमेरिकन माणसाला मींड सापडली," काका म्हणत, "पण पायाने." त्यांची स्वतःची ओळख या वाद्याच्या आजीशी होती. सांगलीत, सायकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत हवाईयन गिटारचा क्लास चाले. तिथे ते दोन वर्षं मांडीवर गिटार आडवी घेऊन सिनेमातली गाणी शिकले होते. सत्तरच्या दशकात कॉव्हेंट्रीत आल्यावर कारखान्यातल्या एका फिटरने त्यांना शनिवारी वर्किंग मेन्स क्लबमध्ये नेलं. तिथे वेल्डर, ट्रकड्रायव्हर आणि त्यांच्या बायका काउबॉय हॅट घालून कंट्री म्युझिक ऐकत होत्या. बँडच्या मागच्या कोपऱ्यात एक माणूस बसून ते टेबल वाजवत होता. "मला वाटलं, हा आपल्या क्लासचाच कोणीतरी," काका सांगत. "बियर तशीच राहिली माझी."

गायकांविषयी त्यांना फारसं प्रेम नव्हतं. गायक पुढे उभा असतो, कारण मागचं ऐकायची त्याला सवय नसते, असं त्यांचं म्हणणं. टाळ्यांविषयी मत त्याहून कडक होतं. टाळी म्हणजे घरी जायची घाई. ते स्वतः कधी टाळी वाजवत नसत. वाजवणाऱ्याला दाद द्यायची ती वाजत असताना, डोळे मिटून, मान डोलावून, बसल्या जागेवरून. सांगलीत मोठे गवय्ये यायचे तेव्हा पहिल्या रांगेतल्या जाणकारांनी अशीच दाद दिलेली त्यांनी पाहिली होती.

या कडकपणाला कारण होतं, आणि ते मला काकूंकडून कळलं. एका वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काकांनी गिटार वाजवावी असं ठरलं. कौन्सिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये दोनशे माणसं. काकांनी दोन महिने गॅरेजमध्ये रियाज केला होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर निवेदक माईक घेऊन पुढे आला आणि म्हणाला, एका सिल्व्हर गाडीने शेजारच्या घराचा ड्राइव्हवे अडवलाय, तरी कृपया. त्याने नंबर वाचला. गाडी काकांची होती. त्यांनी गिटार मांडीवरून उतरवली, खाली जाऊन गाडी हलवली आणि तीच गाडी घेऊन घरी आले. गिटार दुसऱ्या दिवशी काकूंनी आणली.

"आणि माहितेय का," काकू म्हणाल्या, "ते उठून गेले तेव्हा कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही गं. बायका आपल्या बोलतच होत्या. मी पण बोलत होते."

त्यानंतर ते लोकांपुढे वाजवायला बसले नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं. "वाजवणाऱ्याला कळलं पाहिजे," ते मला म्हणाले, "की एक तरी माणूस ऐकतोय. बाकी काही नको त्याला. एक माणूस पुरतो." यासाठी त्यांनी एक वाजवणारा निवडलाही होता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका बँडमध्ये तो पेडल स्टील वाजवत असे. काकांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, इंग्लिश, टक्कल पडलेला. तो दर उन्हाळ्यात एका मोठ्या उघड्यावरच्या कंट्री फेस्टिव्हलला वाजवायचा. काका वीस-बावीस वर्षं त्याच्यासमोर जाऊन बसत होते. ते आजवर त्याच्याशी एक शब्दही बोललेले नव्हते.

"एकदा जाऊन भेटा ना," मी म्हटलं.

"मागे जाऊन हात मिळवायला मी काय मेयर आहे?"

"आवडतं म्हणून सांगायला."

"दाद समोरून द्यायची असते. मागून जाऊन दिली की ती खुशामत होते."

मुलगी क्रॉयडनला असते. ती फोनवर विचारायची, "बाबा, तिकडे सगळ्या क्राउडमध्ये तुम्ही एकटाच इंडियन असतो ना?"

"दोन," काका म्हणायचे. "तुझी आई पण असते."

प्रत्येक फेस्टिव्हलहून परत आल्यावर ते एका जुन्या तपासणी वहीत नोंद करत. गाण्याचं नाव, स्टील किती वेळ वाजली, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. ही वही मी पाहिली आहे. पहिल्या काही वर्षांत त्या वाजवणाऱ्याच्या नावापुढे बहुतेक रीवर्क आहे. एका वर्षी शेरा आहे: 'नक्षी फार. कपड्यापेक्षा कशिदा जास्त.' मग हळूहळू पास दिसू लागतात. शेवटच्या पाच-सहा वर्षांत दुसरं काही नाही. "दरवर्षी सुधारत गेला बघ," काका म्हणाले. हे ते अशा आवाजात म्हणाले, जणू यात त्यांचा काही हात नव्हता.

ज्या वर्षी काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी मी त्यांच्याऐवजी गेले. माझ्या संपादकांना त्या फेस्टिव्हलवर एक हलकाफुलका लेख हवाच होता, त्यामुळे मला प्रेसचा मनगटी पट्टा मिळाला. काकांना तो पट्टा आवडला नाही. "याने कुठेही जाता येतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग जपून जा," म्हणाले.

एका जुन्या जहागिरीच्या कुरणावर फेस्टिव्हल भरतो. ननीटनचे प्लंबर आणि स्टोकच्या नर्सेस दोन दिवस टेक्ससच्या वेशात असतात. गवताच्या गठ्ठ्यांवर बसायला वेगळे पैसे पडतात. चौकड्यांचे शर्ट, झालरींची जाकिटं, बूट, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे रेनकोट, कारण आकाश टेक्ससचं नव्हतं. काकांनी ऑफिसला जायची पँट, स्वेटर आणि माकडटोपी घातली होती. दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास, कांदेपोहे, दुर्बीण आणि वही हे सामान त्यांनी गाडीपासून एका खेपेत आणलं. गेट उघडल्याबरोबर आम्ही कुंपणाला लागून, आमच्या उजव्या हाताला, अगदी टोकाला बसलो. तिथून गायक अर्धाच दिसायचा. स्टील गिटार पूर्ण दिसायची. शेजारची बाई म्हणाली, "लव्ह, मधे सरका की, इथून काही दिसत नाही." काका म्हणाले, "हवं तेवढं दिसतंय, थँक यू."

दुपारी तो बँड आला. वाजवणारा स्टुलावर बसला, बाह्या सारख्या केल्या, पायाने पेडल चाचपले आणि मान वर करून नेमकं आमच्याकडे बघितलं. काकांनी दुर्बीण खाली ठेवली. "बघितलं?" मला म्हणाले. "ओळखतो तो."

मी लेखासाठी टिपणं घेत होते, त्यामुळे पुढे काय झालं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. स्टीलचा पहिला तुकडा आला. काकांनी डोळे मिटले. मान एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा गेली, अगदी सावकाश. एक सूर फार लांबला तेव्हा त्यांनी जिभेने 'च्च' केलं, एकदा, मग दोनदा, आणि उजवा पंजा उलटा करून हवेत उचलला, काय करावं या माणसाला, अशा अर्थाने. तुकडा संपल्यावर आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. काकांनी हात मांडीवर ठेवले, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत पहिल्या रांगेत असा एक माणूस असतोच. मला त्यात बातमी दिसली नाही.

संध्याकाळी हाच बँड अमेरिकेहून आलेल्या एका गायिकेला साथ करणार होता. मधे दोन तास होते. मी लेखासाठी एखाद्या साथीदाराची मुलाखत घ्यावी असं ठरवलं आणि काकांना सांगितलं की चहा घेऊन येते. हे अर्धसत्य होतं.

तो वाजवणारा एका पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या दारात बसून कागदी कपातून चहा पीत होता. सोमवार ते शुक्रवार तो ड्रायव्हिंग शिकवतो, हे त्याने आधीच सांगून टाकलं. दोन्ही कामांत आपण बाजूच्या सीटवर असतो आणि दोन्हीकडे पायाखाली पेडल असतात, हा त्याचा नेहमीचा विनोद असावा. त्याचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. हा आपला शेवटचा उन्हाळा आहे, असं त्याने सांगितलं.

"वयामुळे?"

"वयाचं काय, स्टुलावर बसायचंय." त्याने आजूबाजूला बघितलं. "हे छापू नका. एक माणूस येतो. दरवर्षी. म्हातारा, एशियन, डोक्याला लोकरीचं काहीतरी घातलेलं. पुढे कोपऱ्यात बसतो, मी जिथे असेन त्याच कोपऱ्यात. गर्दीकडे मी बघत नाही, पण तो दिसतोच. मी वाजवायला लागलो की डोळे मिटतो आणि मान हलवायला लागतो. नाही, नाही, नाही. मग च्च च्च करतो, मला तोंडावरून दिसतं ना. हात वर करतो, म्हणजे झालं, वाया गेला हा. टाळी नाही. आणि शेवटी, हे तर भयंकर आहे, वहीत लिहितो."



"मी शिकाऊ ड्रायव्हरांच्या बाजूला बसून तेच करतो," तो म्हणाला. "त्यामुळे मला कळतं. पहिल्या वर्षी वाटलं, वेडा असेल. पण वेडा माणूस दरवर्षी नेमक्या त्याच जागी मान हलवत नाही. जिथे मी भरताड करायचो तिथे तो नुसता दगडासारखा बसायचा, आणि एखादा सूर मनापासून लावला की सुरू, नाही नाही. मला उलगडेना. म्हणून मी कमी करत गेलो. हे काढ, ते काढ. दरवर्षी थोडं काढलं. म्हटलं, अगदी साधं वाजवलं तर तरी गप्प बसेल. तर तो जास्तच हलवतो! आता काढायला काही शिल्लक नाही."

बातमीदाराने घटनेत भाग घ्यायचा नसतो. हे मला माहीत होतं आणि त्या क्षणापर्यंत मी ते पाळलं होतं. मी त्याला सांगितलं की ते माझे घरमालक आहेत, आणि ती मान नकाराची नाही. आमच्याकडे ऐकणारा माणूस पार हरला की अशी मान डोलावतो.

"ते च्च च्च?"

"तेही."

"हात?"

"हातसुद्धा. तो तर सगळ्यात वरचा."

"आणि वहीत काय लिहितो?"

"पास. गेली पाच-सहा वर्षं फक्त पास."

त्याने कप व्हॅनच्या पायरीवर ठेवला. हसेल असं मला वाटलं होतं. तो उठून व्हॅनच्या पलीकडे गेला आणि त्याने बायकोला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं की तो म्हातारा आठवतो का, तो माझ्या बाजूने होता. तिला ते दोनदा सांगावं लागलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "म्हणजे इतकी वर्षं मी निम्मंच वाजवतोय," तो म्हणाला. "उगाच." मग माझा हात हातात घेऊन, शेवटचा उन्हाळा वगैरे लिहू नका, असं बजावलं. मी चहाचे दोन कप घेऊन जागेवर परत आले. काका म्हणाले, "रांग मोठी होती वाटतं."

संध्याकाळी तो स्टुलावर बसला आणि आमच्याकडे बघून चक्क हसला. काका खुर्चीत किंचित सावरून बसले. गायिकेने पहिलं कडवं संपवलं, आणि स्टीलचा तुकडा आला. त्यात वीस वर्षांत काढून टाकलेलं सगळं परत आलं होतं. तो वर गेला, खाली आला, दोन सुरांच्या मध्ये आणखी चार सूर घातले, एकच वळण तीनदा दाखवलं आणि प्रत्येक वेळी मान वर करून आमच्याकडे बघितलं. लोकांना आवडलं. कोणीतरी शिट्टी मारली. गायिकेने मागे वळून त्याच्याकडे हात केला. इतकी वर्षं कोणी त्याच्याकडे हात केल्याचं काकांच्या वहीत नाही.

काकांची मान हलली नाही. पहिल्या गाण्यात नाही, दुसऱ्या गाण्यात नाही. ते डोळे उघडे ठेवून बसले होते. समोरचा माणूस दर तुकड्यानंतर बघत होता, आणि हालचाल दिसेना म्हणून पुढच्या वेळी आणखी घालत होता. चौथ्या गाण्यानंतर काकांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "चल," म्हणाले. "पार्किंगला गर्दी होईल." ते कधीही शेवटच्या सुराआधी उठत नसत.

जूनचे दिवस होते. आम्ही मोटरवेला लागलो तेव्हा चांगलं ऊन होतं. काकांनी ऊन अडवायची पट्टी खाली केली. मग म्हणाले, "दुपारी किती छान वाजवत होता."

"हो."

"मधल्या वेळात काहीतरी झालं. कोणीतरी जाऊन त्याचं कौतुक केलं असणार. तोंडावर. कलाकार त्यानेच बिघडतो."

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. मूळ बातमी ज्यांनी वाचलेली नसते त्यांनाही मग ती कळते. मला ती सवय होती. मी काकांना सगळं सांगितलं: त्याला काय वाटत होतं, का वाटत होतं, तो सोडून जाणार होता हे, आणि मी काय सांगितलं हे.  एक जंक्शन गेलं, दुसरं गेलं. आमचा एक्झिट दुसरा होता. तो त्यांनी चुकवला.

"नाही नाही वाटलं त्याला?" शेवटी म्हणाले.

"हो."

"वीस वर्षं?"

"हो, काका."

"आणि तरी येत राहिला वाजवायला."

"तुम्हाला पटावं म्हणून कमी करत गेला, म्हणाला."

"म्हणजे तो माझ्यासाठी..." त्यांनी ते वाक्य पूर्ण केलं नाही. इंडिकेटर लावला, लेन बदलली. "सोडणार होता म्हणालीस?"

"हाच शेवटचा उन्हाळा, म्हणाला होता. आता सोडणार नाही."

"मग सांगितलंस ते बरंच केलंस." पुढे आणखी थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "पण वाजवणं गेलं त्याचं."

घरी काकूंनी विचारलं, कसं झालं. काका म्हणाले, "दुपार पास." संध्याकाळचा निकाल त्यांनी वहीत लिहिला नाही. रकाना आजही कोरा आहे. पुढे कित्येक रविवार त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. काकूंना अकरा वाजता चहा टाकता येऊ लागला आणि त्याची त्यांना सवय होईना. "भांडण झालंय का तुमचं त्या बाईशी?" एकदा त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "मान कशी ठेवायची ते ठरवतोय." हलवली तर तो फुलतो आणि जास्त घालतो, नाही हलवली तर घाबरतो आणि जास्त घालतो. टूलरूममध्ये असला प्रश्न कधी आला नव्हता. तिथे तपासताना वस्तू आपल्याकडे बघत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंचा गुडघा ठीक होता. आम्ही तिघं गेलो. गेट उघडल्यावर मी सवयीने उजवीकडे वळले, तर काका खुर्च्या घेऊन उलट दिशेला चालले होते. कुंपण सोडून, गठ्ठे सोडून, मैदानाच्या पार मागे, डावीकडे, जिथे आवाजाची यंत्रं ठेवलेला तंबू असतो त्याच्या आडोशाला त्यांनी खुर्च्या मांडल्या. तिथून स्टेज दिसत नव्हतं. दुर्बीण त्यांनी आणलीच नव्हती.

"अहो, इथून काय दिसणार?" काकू म्हणाल्या. "तो तिकडे, आपण इकडे. त्याला कळायचं कसं तुम्ही आलाय ते?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

"इतकी वर्षं तर म्हणे एक माणूस तरी दिसला पाहिजे."

"ऐक आता," काका म्हणाले.

बँड सुरू झाला. मी तंबूच्या कडेला जाऊन बघितलं. वाजवणारा स्टुलावर बसला होता आणि कुंपणाच्या उजव्या टोकाकडे बघत होता. तिथे दोन मुली फोन वर धरून उभ्या होत्या. पहिल्या तुकड्यात त्याने मागच्या वर्षीची सगळी नक्षी घातली आणि मान वर केली. दुसऱ्या तुकड्यात थोडी कमी, आणि पुन्हा मान वर. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो बघतच होता आणि काढत चालला होता. एक वळण गेलं, मग दुसरं. चौथ्या गाण्यात, गायक थांबल्यावर, त्याने एकच सूर लावला आणि तो धरून ठेवला. सूर अगदी सावकाश खाली उतरू लागला, वाटेतलं काही न वगळता.

मी वळून बघितलं. काकांचे डोळे मिटलेले होते आणि मान चालू होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पंजा उलटा होऊन हवेत होता. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि बोलत नव्हत्या. तुकडा संपला. पुढे कुठेतरी लोक टाळ्या वाजवत होते.

मी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"चहा आणते तिघांना."

"आण," ते म्हणाले. "पण स्टेजच्या बाजूचा स्टॉल नको. गेटजवळचा बघ."